बिलावर ‘झिरो 2 डब्ल्यू’, पाकिटात ‘झिरो डब्ल्यू’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बिलाप्रमाणे बोर्ड न पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोलणे झाले आणि फोनवरून काही निष्पन्न होईल ही आशा संपली, म्हणून लेखी कळवत आहे. मी रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड मागवला, बिलही त्याचेच आले. पाकिटातून मात्र झिरो डब्ल्यू निघाला. पहिला 2021 सालचा, चार कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे चार भाग असलेला. दुसरा 2017 सालचा, एका कोअरचा. आपण दोन्ही विकता आणि दोन्हींचे वेगवेगळे पैसे घेता, त्यामुळे हा फरक मी समजावून सांगण्याची गरज नसावी.

नेरूळच्या घरी गॅलरीत मायक्रोफोन लावून पक्ष्यांचे आवाज ओळखणारे यंत्र बनवण्याचा माझा खटाटोप आहे. मी निवडलेल्या सॉफ्टवेअरला 64 बिट ऑपरेटिंग प्रणाली लागते आणि झिरो डब्ल्यूचा प्रोसेसर 32 बिटचा असल्याने त्यावर ती सुरूच होत नाही. बिलावर विश्वास ठेवल्यामुळे मी तीन संध्याकाळी मेमरी कार्डावर प्रणाली पुन्हा पुन्हा चढवली, नवे कार्ड आणले, चार्जर बदलला. चौथ्या दिवशी भिंगाखाली बोर्डावरची छापील अक्षरे वाचली, तेव्हा त्यांत 2 हा आकडा नव्हता. 32 बिट प्रणाली टाकताच बोर्ड निमूटपणे सुरू झाला, आणि कोअर किती असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे 1 असे उत्तर दिले. आपल्या कंपनीकडून मला आजवर मिळालेले हे एकमेव प्रामाणिक उत्तर.

आजचा संवाद मुद्दाम सविस्तर देते. मी बोर्डावरचे नाव वाचून दाखवले. आपले प्रतिनिधी म्हणाले, “काकू, दोन्ही बोर्ड एकाच मापाचे असतात.” असतात, 65 बाय 30 मिलिमीटर. मी म्हटले, मला मापाबद्दल तक्रार नाही. त्यावर ते म्हणाले, “मग डबीत नीट बसेल की!” मी कोअरचा विषय काढला, तेव्हा थोडा वेळ शांतता आणि मग, “काकू, असं करा, फोन मुलाकडे द्या, त्याला समजेल.” मी 31 वर्षे दूरध्वनी खात्यात बिघाड शोधण्याचे काम केले आहे. माझा मुलगा बँकेत आहे आणि इस्त्रीचा प्लगसुद्धा माझ्याकडून बसवून घेतो.

यापूर्वीच्या फोनवर “पिना सोल्डर केल्या असतील तर परत घेता येणार नाही” असे सांगण्यात आले. मायक्रोफोन यूएसबीवर चालतो. बोर्डाची पिनांसाठीची चाळीसही भोके कोरी आहेत, छायाचित्र दोनदा पाठवले आहे. आता परतीची मुदत उलटल्याचे कारण पुढे केले जाते. ती उलटली, कारण माझ्या पहिल्या ईमेलचे उत्तर आपण नवव्या दिवशी दिलेत. बिलावर 2 आहे आणि बोर्डावर नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

गेली सहा वर्षे सेन्सरपासून वायरींपर्यंत सगळे मी आपल्याकडूनच घेत आले, आणि ओळखीच्या दोघांनाही आपलेच नाव सुचवले, याचे आता वाईट वाटते. सात दिवसांत योग्य बोर्ड किंवा पूर्ण रक्कम न मिळाल्यास मी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे आपले कार्यालय कुठे आहे हा प्रश्न मला पडत नाही.

चुकीचा बोर्ड त्याच पाकिटात ठेवला आहे. तो नेण्यास माणूस पाठवाल तेव्हा त्याच्याबरोबर येणारा नवा बोर्ड निघण्यापूर्वी कुणीतरी एकदा वाचून पाहावा.

आपली ग्राहक,
नेरूळ, नवी मुंबई