कळलावी गौरीपुढे ठेवा, पोटात घेऊ नका

संपादक महोदय,

श्रावण सरत आला की आमच्या लांजा भागात कुंपणांवर कळलावी फुलते. पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी विस्तवासारख्या लाल. गौरीच्या पूजेला आम्ही लहानपणापासून ही फुलं आणतो. आपल्या अंकातही तिचा फोटो येतो. यंदा त्या फोटोखाली दोन ओळी जास्त छापाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

मी 31 वर्षं उपकेंद्रावर परिचारिका होते. जुन्या सुइणी अडलेल्या बाईच्या तळपायाला कळलावीचा कंद उगाळून लावायच्या आणि मूल बाहेर आलं की लगेच पुसून काढायच्या. कळा लावते म्हणून कळलावी. तो उपाय बरोबर होता असं मी म्हणत नाही, पण कंद तोंडात जाता कामा नये हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. उगाळायची सहाणसुद्धा वेगळी असायची. आयुर्वेदातही हिला लांगली म्हणून उपविषांत, म्हणजे सौम्य विषांत, धरलं आहे आणि शोधन, म्हणजे विष उतरवायची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. आता मात्र आमच्या महिला गटाच्या मोबाइलवर एवढंच फिरतंय, 'सांधेदुखीवर कळलावीचा कंद गुणकारी.'

कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. गाऊटवर, म्हणजे सांधे सुजून दुखण्याच्या एका आजारावर, डॉक्टर तेच देतात, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत, मोजून. कंदाच्या तुकड्यात ते किती आहे, हे घरी कोण मोजणार? शिजवूनही ते विष जात नाही.

2009 च्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या एका बाईने गुडघ्यांसाठी कंद उगाळून चमचाभर घेतला. तीन-चार तासांत उलट्या आणि जुलाब सुरू झाले. घरच्यांना वाटलं, पाणी बाधलं. कंदाचं कोणी बोललंच नाही, तिने स्वतः दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर लघवी कमी झाली होती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, वाचली. दुसऱ्या आठवड्यात तिचे केस हातात मुठीने येऊ लागले. माझ्यापुढे बसून ती रडली, ते मी विसरलेले नाही.

थंडीत तर वेल वाळून जाते आणि मातीत नुसता कंद राहतो. कणगीची कंदमुळं खणून काढताना तो हाती लागू शकतो. नांगरासारखा वाकडा, दोन फाट्यांचा कंद दिसला तर तो टोपलीत टाकू नका.

म्हणून वेली उपटून टाका असं मात्र कुणी सुचवू नये. तमिळनाडूचं हे राज्यपुष्प आहे, तिथे शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. आपल्याकडे ती कुंपणावर आपसूक येते, तिला राहू द्या. फुलं आणल्यावर मुलांचे हात धुवा.

आणि चुकून कुणाच्या पोटात गेलीच, तर उलटीची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात न्या, सोबत वेलीचा किंवा कंदाचा तुकडा घ्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

— एक निवृत्त परिचारिका, लांजा (जि. रत्नागिरी)