स्टेंट बसला म्हणून गोळ्या थांबत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'ब्लॉकेज काढलं, आता काळजी मिटली,' असं अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला भेटायला येणारे हमखास म्हणतात. आमच्याकडेही तेच झालं. पण ब्लॉकेज काढत नाहीत. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक तार हृदयाच्या धमनीत नेतात आणि तिच्यावरून फुगा सरकवतात. तो फुगवला की चरबीचा थर भिंतीकडे दाबला जातो आणि फुग्यावरची धातूची जाळी उघडून तिथेच रुतते. ही जाळी म्हणजे स्टेंट. थर आत राहतोच, फक्त वाट रुंद होते.

१९७७ साली डॉ. ग्रुंट्झिग यांनी झुरिचमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली ती नुसत्या फुग्याने. जाळी आली १९८६ साली. साध्या जाळीत पेशी वाढून वाट पुन्हा अरुंद होई, म्हणून औषधाचा लेप असलेले स्टेंट निघाले. लेप ही वाढ रोखतो, पण त्यामुळे धातूवर धमनीचं अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोरसारखी दुसरी गोळी.

माझ्या वडिलांना हार्ट अटॅकमध्ये स्टेंट बसवला, त्यानेच ते वाचले. तीन महिन्यांनी दाढ काढायची म्हणून त्यांनी कुणालाही न विचारता दोन्ही गोळ्या बंद केल्या. नवव्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. स्टेंटमध्येच गुठळी झाली होती. ते पुन्हा वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. घरी परतल्यावर त्यांच्या डब्यात अर्धवट फोडलेली स्ट्रिप सापडली. डिस्चार्ज कार्डवर गोळीपुढे 'एक वर्ष' लिहिलेलं होतं. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दाढेसाठी बहुतेक वेळा या गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत, रक्त तिथेच दाबून थांबवता येतं, हेही आम्हाला नंतर कळलं.

अटॅक नसलेल्या, स्थिर दुखण्याच्या रुग्णांचाही असाच गैरसमज असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत पाच हजारांहून अधिक असे रुग्ण होते. चांगल्या औषधोपचाराला स्टेंट किंवा बायपासची जोड दिल्याने छातीतलं दुखणं कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

माझी सर्व रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे. घरी सोडताना कुणीतरी दहा मिनिटं बसून घरच्यांना सांगावं की कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची आणि ती थांबवण्याआधी कुणाला फोन करायचा. तो नंबर कार्डवर ठळक अक्षरांत लिहून द्यावा.

आपली,
एक वाचक