मुदत संपलेली नाही

महोदय,

आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये एक पोरगा काम करतो. लहानपणी काही महिने रिमांड होममध्ये होता. मागून कुणी हाक मारली की हातातला पाना टाकून भिंतीला चिकटतो. ‘आता इतक्या वर्षांनी कोण ऐकणार?’ एवढंच एकदा म्हणाला.

हा समज आधी काढायला हवा. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याखालच्या गंभीर गुन्ह्याची तक्रार सज्ञान झाल्यावरही करता येते, मुदत आडवी येत नाही. निरीक्षणगृहाच्या, म्हणजे रिमांड होमच्या, कर्मचाऱ्यानेच बलात्कार केला असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 20 वर्षे सक्तमजुरी आहे. मारहाण, हेळसांड झाली असेल तर बाल न्याय कायद्याचे कलम 75 आहे. संस्थेतल्या माणसाला 5 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. पॉक्सोच्या खटल्यात विशेष न्यायालय भरपाईही देऊ शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा.

आत असलेल्या मुलांसाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. पण फोन साहेबांच्या टेबलावर असेल, तर मूल तो लावणार कसा? निदान पालक भेटायला बसतात त्या खोलीत तरी हा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवा.

– एक वाचक, सातारा