स्टेटमेंट ग्नूकॅशमध्ये घेताना

दादर, मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

बँकेचं अख्ख्या वर्षाचं स्टेटमेंट ग्नूकॅशमध्ये, म्हणजे हिशोब ठेवायच्या त्या मोफत प्रोग्रॅममध्ये, एकदम ओतू नकोस. आधी एकटा एप्रिल घे, १ ते ३० काटेकोर. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) प्रत्येक व्यवहाराची अशी वेगळी ओळख नसते, त्यामुळे तारखा एकमेकींवर चढल्या की त्याच नोंदी दोनदा बसण्याची भीती राहते. आणि सुरू करण्याआधी हिशोबाच्या फाइलची प्रत बाजूला ठेव, हे विसरू नकोस.

बँकेकडून पीडीएफ नको, सीएसव्ही उतरव. ती लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेलसारखाच मोफत प्रोग्रॅम) उघडताना तारीख आणि संदर्भ क्रमांक हे रकाने ‘टेक्स्ट’ ठेव. नाहीतर यूपीआयचा १२ आकडी क्रमांक ‘४.१२ई+११’ असा आखडू शकतो, आणि तसाच सेव्ह झाला की मूळ आकडे गेलेच. वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी आणि खालची बेरीज काढून टाक. १,२५,०००.०० मधले स्वल्पविरामही काढ, पण फक्त रकमेच्या रकान्यांतले.

खरा घोळ तारखेचा. फाइल ग्नूकॅशमध्ये इम्पोर्ट करताना ‘दिवस-महिना-वर्ष’ निवडलं नाहीस तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल हा ४ मे होऊन बसतो. १३ तारखेपासून एरर येते, कारण तेरावा महिना नाही. ती एरर बरी, निदान दिसते तरी. पहिल्या १२ दिवसांच्या नोंदी (०४/०४ सोडून) मात्र गुपचूप चुकीच्या महिन्यांत जातात. म्हणून एरर आली की त्या ओळी वगळून पुढे जाऊ नकोस, मागे येऊन तारखेचा प्रकार बदल. जमा आणि खर्च हे दोन रकाने नीट नेमून दे आणि ती मांडणी नाव देऊन जतन कर. पुढच्या महिन्यात निम्मं काम वाचेल.

मग प्रत्येक नोंदीला खर्चाचं खातं, म्हणजे किराणा, वीज असा प्रकार, लावायचं. न लावलेली रक्कम ‘इम्बॅलन्स-आयएनआर’मध्ये साठते, ते खातं शेवटी शून्यावर यायला हवं. ग्नूकॅश वर्णनातल्या शब्दांवरून शिकतं, पण आपल्याकडे ‘यूपीआय’ आणि ‘डीआर’ (डेबिट, म्हणजे खात्यातून गेलेली रक्कम) हे शब्द ओळीओळीला असतात, त्यांनी ते फसतं. शक्य तर वर्णनात फक्त घेणाऱ्याचं नाव ठेव. वडापावच्या गाडीवरचा क्यूआर मालकाच्या भावाच्या नावावर असू शकतो, तेव्हा पहिले दोन महिने एकेक नोंद डोळ्यांखालून घालावीच लागेल.

क्रेडिट कार्डाचं बिल खर्चात टाकू नकोस. कार्डाचं देणं म्हणून वेगळं खातं उघड आणि बिल भरलं की रक्कम तिकडे वळव, नाहीतर तीच खरेदी दोनदा खर्चात दिसेल. स्वतःच्या एका बँकेतून दुसरीत यूपीआयने पैसे टाकलेस तर संदर्भ क्रमांक दोन्हीकडे एकच असतो. दुसरं स्टेटमेंट घेताना ती नोंद नव्याने घालू नकोस, आधीच्या नोंदीशी जुळव.

शेवटी महिनाअखेरची शिल्लक स्टेटमेंटशी पैशापर्यंत जुळव. फरक आला तर आधी तेवढ्याच रकमेची नोंद शोध: सुटली असेल किंवा दोनदा आली असेल. नाही सापडली तर फरकाच्या निम्म्या रकमेची शोध, तिथे जमेची रक्कम खर्चाच्या बाजूला किंवा खर्चाची जमेच्या बाजूला पडलेली असू शकते. ‘थोडासाच फरक आहे’ म्हणून सोडून देऊ नकोस. थोड्या फरकाआड दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात.

अडलास तर फाइलच्या वरच्या वीस ओळी पाठव, खाते क्रमांक आणि नावं खोडून. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद