खोलीभाड्याची कात्री

आरोग्य विम्याचा हप्ता वाढतच चाललाय, पण पाच लाखांच्या अनेक पॉलिसींत रुग्णालयातल्या खोलीभाड्याची मर्यादा अजून विम्याच्या रकमेच्या एक टक्काच आहे, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. आठ हजारांची खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक कापला जात नाही. सर्जनची ८०,००० रुपयांची फीसुद्धा त्याच प्रमाणात (आठला पाच) ५०,००० धरतात. डिस्चार्जच्या टेबलावर हे कळून काय उपयोग? औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. तरी लावली असेल, तर तो सरळ अन्याय आहे. कपातीचा तपशील लेखी मागा, आधी कंपनीकडेच तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांचे कार्यालय पुण्यातच आहे. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे