घाटे घेऊन निघालेल्या बायका

पुणे, ३० ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, "पक्ष एकत्र आले, संसदेत बहुमत आहे, मग अध्यक्षाची मुदत वाढवली तर बिघडलं कुठे?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

२०१४ साली मी पंपांच्या कामासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत, राजधानी वागाडुगूला होतो, हे तुला ठाऊकच आहे. अध्यक्ष ब्लेज कॉम्पाओरे तेव्हा २७ वर्षं सत्तेवर होते. १९८७ मध्ये आधीचे अध्यक्ष टॉमस संकारा यांची हत्या झाली आणि हे खुर्चीवर बसले. दोनच मुदतींची मर्यादा त्यांच्याच राजवटीत १९९७ ला काढली गेली. पुढच्याच वर्षी पत्रकार नॉर्बेर झोंगोंचा खून झाला, देश पेटला, आणि २००० मध्ये ती परत घालावी लागली. म्हणजे ही मर्यादा घालणारं घटनेतलं ३७वं कलम लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवलेलं होतं. २०१५ च्या निवडणुकीत कॉम्पाओरेंना तेच आड येत होतं.

मग ते कलम बदलण्यासाठी त्यांच्या सत्ताधारी सीडीपी पक्षाने मित्रपक्षांना घेऊन 'प्रजासत्ताक आघाडी' उभी केली. सभागृह १२७ जणांचं. सार्वमत टाळायचं तर तीन चतुर्थांश, म्हणजे ९६ मतं हवीत. सीडीपी निवडून आली होती ७० जागांवर. १८ जागांचा एडीएफ-आरडीए हा पक्ष अगदी शेवटच्या आठवड्यात येऊन मिळाला, बाकीची भर छोट्या पक्षांची. बेरीज जुळली. तू म्हणतोस ते बहुमत ते हेच.

२७ ऑक्टोबरला सकाळी आमच्या घरमालकीणबाई स्वयंपाकघरातला घाटा घेऊन बाहेर पडल्या. टो, म्हणजे तिथलं घट्ट शिजवलेलं पीठ, घाटायचा लाकडी दांडा, हातभर लांब, खालून काळा पडलेला. कडेला आदल्या रात्रीचं पीठ वाळून चिकटलेलं. तिथे बाईने घाटा उगारून रस्त्यावर येणं म्हणजे राज्यकर्त्याला शेवटची ताकीद. त्या दिवशी शेकडो जणी तशाच निघाल्या होत्या. मी काळजीने "जाऊ नका" म्हटलं, तर म्हणाल्या, "माझा धाकटा सव्वीस वर्षांचा आहे. त्याने जन्मात दुसरा अध्यक्ष पाहिलेला नाही."

३० तारखेला संसदेत त्या बदलावर मतदान होतं. ते झालंच नाही. गर्दी आत घुसली आणि संसद जळाली. ३१ ला कॉम्पाओरेंनी राजीनामा दिला आणि ते आयव्हरी कोस्टला निघून गेले. पण त्या दोन दिवसांत कोवळी पोरं गोळ्यांना बळी पडली रे. दारं लावून आम्ही आवाज ऐकत बसलो होतो, ते अजून कानात आहेत. नंतर 'बाले सितोयाँ'ची, म्हणजे 'नागरिकांचा झाडू' चळवळीची मुलं खराटे घेऊन रस्ते झाडताना पाहिली आणि मला रडू आलं.

२०२२ मध्ये तिथे दोनदा लष्करी उठाव झाला. आज पुन्हा बंदुकीचंच राज्य आहे, याने जीव तुटतो. तरी तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर त्या बाईंचंच आहे. ९६ च्या त्या बेरजेत त्यांचा धाकटा कुठेच नव्हता.

दिवाळीनंतर ये, निवांत बोलू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच