किलोमीटर छापता, मग वाऱ्याचं काय?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब हे तुमच्या पुरवणीत चौकट करून छापलं होतं, साडेबारा हजार किलोमीटर आणि १६ तास, बास एवढंच. किलोमीटर बरोबर हायत, पण येतानाचे तास कुठायत? थेट विमान येताना साधारण १४ तासात येतं आणि ह्यावरनं आमच्या रंकाळ्याच्या कट्ट्यावर जोरदार वाद चालू आहे. एक जण म्हणतो पृथ्वी पूर्वेकडं फिरते म्हणजे न्यूयॉर्कच आपल्याकडं सरकत येणार, मग जातानाच कमी वेळ लागायला पाहिजे की. अहो पण पृथ्वीबरोबर हवा पण फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं, त्यामुळं तो हिशोब लागूच होत नाही, पण ऐकतंय कोण.

खरा खेळ वाऱ्याचा. १०-११ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जेट स्ट्रीम वाहतो, थंडीत जास्तच जोरात, कधीकधी ताशी २०० किमीच्या वर, आणि विमानाचा स्वतःचा वेग ९०० च्या आसपास, म्हणजे वारं पाठीवर घेतलं की तोंडावर ह्यात तास-दोन तास सहज इकडंतिकडं होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ५ तासाच्या आत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात लागतात, तेव्हा अटलांटिकवर सियारा वादळ होतं.

आणि त्या चौकटीसोबतचा तो नकाशा! मुंबईपासनं डावीकडं सरळ आडवी रेघ मारलीय. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, जवळची वाट सिंध, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे करत आइसलंडवरनं जाते, पार ६५ अंश उत्तरेपर्यंत. अर्थात ती पण कागदावरचीच, कारण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, मग वळसा आला. आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापुरातनं मुंबईला जायला आधी उलटी मिरजेला जाते, तसलाच प्रकार. मग साडेबारा हजार हा आकडा एकटाच छापून काय उपयोग?

घड्याळाचा घोळ तर वेगळाच. थंडीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत मुंबईतनं रात्री २ ला सुटलेलं विमान १६ तासांनी तिथं सकाळी साडेसातला उतरणार, तिकिटावर बघितलं तर वाटतं साडेपाच तासातच पोचलं. येताना सकाळी ११ ला निघालं तर इथं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकरा, म्हणजे दिवसभर उडतच होतं काय? आता कोल्हापुरात पण पोरं तिकडं असणारी घरं भरपूर हायत आणि म्हातारी माणसं ह्या तिकिटावरनंच काळजी करत बसतात.

तेव्हा पुढच्या वेळी जाताना-येतानाचे उडायचे तास वेगवेगळे द्या, दोन्हीकडची स्थानिक वेळ तारीख-वारासकट द्या आणि नकाशावरची रेघ तेवढी वाकडी काढा.

आपला नेहमीचा वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर